आंधळ्या राजाचे वकील

घाटंजीच्या आमच्या कॉलेजात एक ग्रीक राजा दरवर्षी निर्दोष सुटायचा. हिवाळ्यात, कापसाची दुसरी वेचणी चालू असताना, बी.ए.च्या शेवटच्या वर्गात त्याच्यावर खटला चालायचा. आरोप काही साधेसुधे नव्हते: बापाचा खून आणि आईशी लग्न. एवढं करूनही तो सुटायचा, कारण त्याचे वकील आमचे सर होते. पुरावा फारच भक्कम निघाला, तर न्यायाधीश झालेला पोरगाच खुर्ची सोडून चहा प्यायला निघून जायचा.

म्हणून अख्खा तालुका त्यांना 'वकील सर' म्हणायचा. एकदा एक म्हातारा शेताच्या धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, भांडण घेऊन खरोखर त्यांच्या घरी आला. सरांनी त्याला पाट दिला, पाणी दिलं आणि राजाची केस पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवली. म्हातारा उठताना म्हणाला, "सायेब, याच्यापेक्षा माहा धुराच बरा हाये." आणि त्यानं भावाशी समझोता करून टाकला. सरांनी जिंकलेली ही पहिली दिवाणी केस.

राजाचं नाव सरांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. "अशिलाची बदनामी नको," म्हणायचे. आम्ही त्याला राजेसाहेब म्हणायचो. परीक्षेत तसंच लिहायचो, आणि तपासणाऱ्यांना वाटायचं, घाटंजीची पोरं लय अदबशीर.

सरांचा आवाज हा एक वेगळाच विषय आहे. वर्गात त्यांनी 'अरे' म्हटलं की पारव्याच्या फाट्यावर बस थांबायची. मी वाढवून सांगतोय असं वाटत असेल तर त्या ड्रायव्हरला विचारा. तो रिटायर झालाय, पण अजून दचकतो.

वर्गात उशिरा येणाऱ्याला एक उपमा द्यावी लागायची. नवी, स्वतःची. उशी घ्या, वीट घ्या, पण चंद्र, कमळ आणि वाघ बंद. एक पोरगी म्हणाली, "सर, तुमचा आवाज जिनिंगच्या भोंग्यासारखा हाये." सरांनी तिला आठवडाभर उशिरा यायची सूट दिली. उलट एका पोरानं "सर, नशिबानं बस चुकली" असं म्हटलं, तर त्याला दारातच अडवलं.

"नशिबानं?"

"हो सर."

"नशीब कुठं उभं होतं बे? स्टँडवर?"

"नाही सर."

"मग तू कुठं होता?"

"टपरीवर."

"काय करून राह्यला होता?"

"पोहे खाऊन राह्यलतो."

"तर्री होती का?"

"होती सर."

"मग नशीब कायले म्हनते? तर्री म्हन आन् आत ये."

नशीब या शब्दाला त्यांच्या घरातच बंदी होती. त्यांचे आजोबा नागपूरला जाऊन धम्माची दीक्षा घेऊन आले, त्या दिवशी त्यांनी दारातच चपला काढता काढता जाहीर केलं की या घरात इथून पुढं दोन गोष्टी चालणार नाहीत. एक, नशीब म्हणायचं नाही. दोन, मान खाली घालून बोलायचं नाही. सर लहान असताना पेपरात कमी मार्क पडले म्हणून "नशीब" म्हणाले, तर आजोबांनी कान असा पिळला की तो दुसऱ्या कानापेक्षा बोटभर लांब झाला. आम्ही मोजला नाही, पण दिसायचा.

अशा घरातल्या माणसाच्या वाट्याला अभ्यासक्रमात नेमकी ग्रीक शोकांतिका आली. पहिल्या पानापासून नशीब, शेवटच्या पानापर्यंत लाज. दुसऱ्या कोणी पुस्तक बदलून मागितलं असतं. सरांनी बाह्या सरसावल्या.

ते गोष्ट सांगायचे ती अशी. एका राजाला देववाणी होते की तुझा पोरगा तुला मारेल आणि आईशी लग्न लावेल. तो तान्ह्या पोराला डोंगरावर टाकून यायला एका मेंढपाळाला देतो. मेंढपाळाला दया येते, तो पोर दुसऱ्याला देतो, आणि ते जातं दूरच्या एका राजाराणीकडे, ज्यांना मूल नसतं. ते त्याला पोटच्यासारखं वाढवतात. मग एका जेवणावळीत एक बेवडा उठतो आणि म्हणतो, तू तुझ्या बापाचा नाहीस. पोरगा बापाला विचारतो. बाप बेवड्यावर भडकतो, पण खरं सांगत नाही. पोरगा मग देवाला विचारायला जातो, तर देव त्याला तेच जुनं भाकीत ऐकवतो. तो घरी परतच जात नाही. वाटेत भांडण होतं, एका अनोळखी म्हाताऱ्याला मारतो. तोच त्याचा खरा बाप. पुढच्या गावात विधवा राणीशी लग्न करतो. तीच आई. पुढं गावात रोगराई येते, तेव्हा हाच राजा आण घेतो की जुन्या राजाचा खुनी शोधून काढीन, आणि शोधत शोधत स्वतःच्याच दारात येऊन उभा राहतो. मग लाजेनं स्वतःचे डोळे फोडतो.

"डोळे काहून फोडले बे?" इथं सर टेबलावर मूठ आपटायचे. "माहीत असून केलं का त्यानं? नाही ना? मग लाज कशाची? जन्माची? जन्माची लाज वाटून घ्यायची तर माह्या आजोबांनी काय काय फोडायले पायजे होतं?"

 सर खिडकीकडे तोंड करून खडू झटकायचे. शेवटचा अंक ते काळा गॉगल लावून शिकवायचे. का, ते कोणी विचारलं नाही. मला वाटायचं ऊन लागतं. पण वर्गाच्या खिडक्या उत्तरेकडं होत्या.

अलंकार त्यांनी आम्हाला फळ्यावर कधी शिकवले नाहीत. त्या नाटकात राज्य म्हणजे वादळातलं जहाज असं येतं. आमच्यातल्या कोणी समुद्र पाहिलेला नव्हता, तर सरांनी ते जहाज सरळ पैनगंगेच्या पुरात आणून सोडलं, आणि महागावकडच्या पोरांना विचारलं, "आता सांगा, डोंगा कसा हालते?" ती पोरं बाकावरच डोलायला लागली. पुढं राजा आपल्या लग्नाबद्दल बोलताना शेताचं आणि पेरणीचं बोलतो. तिथं कोणाला काही समजावायची गरज पडली नाही. ज्यांच्या घरी पेरणी होते त्यांच्या माना आपोआप खाली गेल्या.

"पाहा," सर म्हणाले, "बाई म्हटलं नाही, अंथरून म्हटलं नाही. शेत म्हटलं, तरी तुम्ही लाजले. जिथं माणसाची जीभ लाजते ना, तिथं तो दुसऱ्याच गोष्टीचं नाव घेऊन बोलते. रूपक म्हनजे दुसरं काय हाये? लाजेनं शोधलेला आडरस्ता."

हे वाक्य मी परीक्षेत लिहिलं. मार्क मिळाले नाहीत. पण पुढं ते वाक्य एका माणसाच्या कामाला आलं, ते सांगतो.

आमच्या वर्गात प्रेमदास होता. घाटंजीपासून थोड्या अंतरावरच्या तांड्यावरचा, बंजाऱ्यांचा पोरगा. सहा फूट उंच, खांदे दरवाजाएवढे. सोयाबीनचं पोतं उचललं तरी सिंहासन हलवतोय असं वाटायचं. त्या वर्षी सरांच्या मनानं घेतलं की गॅदरिंगला ही शोकांतिका करायचीच, आणि वऱ्हाडीत करायची. राजा म्हणून प्रेमदासशिवाय दुसरं नाव निघालंच नाही. मी मेंढपाळ. तालीम जोरात सुरू झाली. प्रेमदास आरोळी द्यायचा तर हॉलच्या पत्र्यावरची कबुतरं थेट मुकुटबनला जाऊन बसायची.

आणि मग तांड्यावर एक लग्न निघालं. जेवणं चालली होती. प्रेमदासचा एक दूरचा मामा भरपूर पिऊन मांडवाच्या मधोमध उभा राहिला आणि ओरडला, "राजा झाला म्हने! लेका, तू कोनाचा हे तरी माहीत हाये का तुले? तुले तं उसाच्या फडातून उचलून आनलं!"

तुम्ही म्हणाल, ही तर नाटकातलीच गोष्ट मी इकडं ओढली. मी बाकी सगळं ओढतो, हे ओढलेलं नाही.

आणि ते खरं होतं. तांड्यावरची माणसं तेव्हा दसऱ्यानंतर ऊसतोडीला पश्चिमेकडं जायची. एका साली तिकडच्या फडावर शेजारच्या कोपीतली, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपडीतली, एक बाई प्रेमदासला जन्म देऊन बाळंतपणातच गेली. ती कोणत्या गावची, कोणाची, हे सांगायला कोणी पुढं आलं नाही. प्रेमदासचे हे आईबाप पोराला घेऊन आले. अख्ख्या तांड्याला माहीत होतं आणि अख्खा तांडा इतकी वर्षं गप्प होता. माझ्या गावात एवढं गुपित दुपारच्या चहापर्यंतही टिकलं नसतं.

प्रेमदासनं बापाला विचारलं, "बा, हा काय म्हनते?" बापानं काठी उचलली आणि मामाच्या मागं नाल्यापर्यंत धावला. तेवढंच उत्तर. त्यानंतर पोरानं घरात पाय ठेवणं सोडलं. शेतातल्या झोपडीत राहायचा, दोस्ताकडं जेवायचा, बापाला 'बा' म्हणेना, आईला 'याडी' म्हणेना. आई म्हणजे याडी, त्यांच्या बोलीत. कॉलेज बंद, तालीम बंद. रविवारी संध्याकाळी बोअर खोदणारी एक गाडी तांड्याच्या फाट्यावरून हैदराबादकडं जाणार होती, तिच्यावर कामाला जायचं त्यानं ठरवलं होतं. परत न येण्यासाठी.

मी हे सरांना टपरीवर सांगितलं. सरांनी कप बशीत ठेवला.

"म्हनजे बेवडा झाला," ते हळूच म्हणाले. "बाप चिडला, बोलला नाही. पोरगं घर सोडून चाललं. पुढचा अंक तुले माहीत हाये ना?"

"सर, हे नाटक थोडीच आहे?"

"राजेसाहेबांलेही तसंच वाटलं होतं," सर म्हणाले आणि उरलेला चहा एका घोटात संपवला. "रविवारी सकाळी काळीपिवळी सांग."

जीपमध्ये मी विचारलं, "सर, प्रेमदासला काय समजावणार?"

"काहीच नाही. समजावलं तर पोरगं आणखी लाजते. मी चाललो आडरस्त्यानं, माह्या अशिलाची केस लढायले."

तांड्यावर पोचल्यावर सर थेट नायकाच्या ओसरीवर गेले. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. पांढऱ्या मिशा, डोक्याला लाल फेटा. सरांनी हात जोडले. "नायक, नसाब बसवा. न्याय पायजे."

नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. नायकानं मान हलवली. "वकील सायेब, आता कायदा झाला. कोनाले वाळीत टाकलं तं आम्हीच आत जातो. आता नसाब बसते ते भांडन मिटवायले."

"टाकायले नाही आलो, घ्यायले आलो. एक मानूस बाहेर पडला हाये, त्याले परत घ्या."

"कोन गावचा?"

"समुद्रापलीकडचा."

नायकानं मिशीवरून हात फिरवला. "समुद्रापलीकडं आपला कायदा लागत नाही. बसवतो."

देवळासमोरच्या ओट्यावर तांडा जमला. प्रेमदासची झोपडी दिसेल एवढ्या अंतरावर शेत होतं, आणि सरांचा आवाज तर तुम्हाला माहीतच आहे. सरांनी उभं राहून केस मांडली. तांड्यानं ती अशी ऐकली की जणू राजा आदिलाबादकडचा कोणी सोयरा आहे.

"अशील कुठं हाये?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"आला नाही. आंधळा हाये."

"कशानं झाला?"

"लाजेनं डोळे फोडून घेतले."

बायकांनी तोंडाला पदर लावले. म्हातारा पुढं सरकला. "बापाले मारलं म्हनता. पोलीस केस झाली का?"

"तोच राजा, तोच पोलीस."

"हां! म्हनून लवकर सापडला नाही."

सगळे हसले. सरही हसले. मग ते बेवड्यापाशी आले. "जेवनाची पंगत बसली होती," ते म्हणाले. "एक मानूस पिऊन उठला आन् म्हनाला, तू तुह्या बापाचा नाहीस."

 मामा कडेला बसला होता, तो जमिनीवरची काडी मोडायला लागला. प्रेमदासचा बाप गुडघ्यांत तोंड घालून बसला.

सरांनी आवाज बदलला नाही. "पोरानं घरी जाऊन विचारलं. बाप बेवड्यावर भडकला. खरं नाही सांगतलं. काहून? लाजला. पोरगंही लाजलं, निघून गेलं. लोक म्हनतात त्याले नशिबानं नेलं. मी वीस वर्सं शिकवून राह्यलो नायक, मले त्या वाटेवर कुठंच नशीब दिसलं नाही. दोन लाजा दिसल्या. एक बापाची, एक पोराची. त्या दोघींनी मिळून त्याले घराबाहेर काढलं."

तेवढ्यात प्रेमदास बांधावरून येऊन लिंबाखाली उभा राहिला. खांद्याला बॅग होती. कोणी त्याच्याकडं पाहिलं नाही, सगळ्यांनी पाहिलं.

त्याची याडी उठली. बारकी बाई, हातात कोपरापर्यंत बांगड्या. ती सरांना म्हणाली, "त्या राजाचं मले माहीत नाही. मी माहं सांगतो." आणि लिंबाकडं वळली. "माही पोरगी जन्मली आन् चौथ्या दिवशी गेली. दूध होतं, पोर नव्हतं. तू होता, तुले माय नव्हती. मी तुले घेतलं. यात लाजायचं काय हाये ते मले आजवर समजलं नाही. तुह्या बानं म्हटलं, सांगू नको, पोरगं दुरावते. म्हनून नाही सांगतलं."

सर खाली बसले. त्यांना बोलणं थांबवून बसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. माझ्याकडं वाकून म्हणाले, "एक उपमा नाही, एक रूपक नाही. ऐकलं का तू?"

प्रेमदास म्हणाला, "मग बा काहून नाही बोलला?"

बापानं मान वर केली. "जीभ उचलली नाही, बेटा. काठी उचलली. काठी हलकी होती."

 प्रेमदास गेला नाही. बॅग खांद्यावरून खाली आली, तिथंच बुंध्याला टेकून बसला.

पंचांनी डोकी एकत्र केली. नायकानं निकाल दिला: बाप मारला ते अजाणता, लग्न केलं ते अजाणता, त्याची राजाला माफी. "पन ज्यानं वाढवलं त्या बापाले न सांगता, न जेवता घर सोडलं, ते जानूनबुजून. त्याचा दंड हाये. आन् बापानं खरं झाकलं, त्याचाही."

सरांचा चेहरा पडला. वीस वर्षांत पहिल्यांदा ते केस हरले होते.

"दंड काय?" त्यांनी विचारलं.

"तांड्याले जेवन. परत घ्यायचं तर पंगत पायजे, अशी आपली रीत. राजा दूर हाये, तं वकील देईल. लापशी."

आणि लापशी सरांनी स्वतः हलवली. काही चूल नव्हती ती, वीटभट्टीसारखा जाळ होता. कढई एवढी की त्यात घाटंजीची नगरपरिषद बसली असती. सर धोतर खोचल्यासारखी पँट गुडघ्यापर्यंत वळवून, दोन्ही हातांनी उलथनं फिरवत, घामानं निथळत होते, आणि बायका ओरडत होत्या, "वकील सायेब, खाली लागून राह्यली! जोरानं!" "तुमच्या राजाले जळकी आवडते का?" सर म्हणाले, "त्याले चालते, त्याले दिसत नाही." अख्खा तांडा लोळला. दुसऱ्या कढईत प्रेमदासचा बाप आपल्या वाट्याचा दंड हलवत होता. दोघं गुळाची ढेप इकडून तिकडं सरकवत होते.

उन्हं उतरली तशी पंगत बसली. नायकानं एक पत्रावळ राजाच्या नावानं जास्तीची मांडायला लावली. वाढणी झाली. पहिला घास कोणी घेतला नव्हता तोच फाट्यावरून भोंगा वाजला. बोअरची गाडी.

लिंबाखाली बसलेला प्रेमदास उठला. बॅग उचलली. मी सरांकडं पाहिलं, आता ते काहीतरी ओरडतील म्हणून.  मी त्यांना दंडाला धरून हलवलं, तर म्हणाले, "मी वकील हाये बे, बांधून ठेवायचं दावं नाही." बापानं समोरच्या पत्रावळीकडं पाहणं सोडलं नाही. याडी लापशीचं भांडं धरून उभी होती तिथंच राहिली. भोंगा पुन्हा वाजला. प्रेमदास फाट्याकडं चालत गेला, गाडीवर चढणाऱ्या माणसाशी काही बोलला. लांबून त्याचा हात हलताना दिसत होता. हात हो म्हणतोय की नाही म्हणतोय, ते एवढ्या लांबून कळेना. गाडी सुरू झाली, धुरळा उडाला, आणि त्या धुरळ्यात काही काळ गाडी, माणूस, रस्ता, काहीच दिसेना.

धुरळा बसला तेव्हा तो परत येत होता.

नायकानं राजाच्या नावाच्या पत्रावळीकडं बोट केलं. "बस, छोरा."

"ही दुसऱ्याची हाये," प्रेमदास म्हणाला आणि पंगत ओलांडून बापाजवळ गेला. तिथं दोन्ही बाजूंना बैलगाडी वळवता येईल एवढी जागा मोकळी होती.

"बा," तो म्हणाला, "सरक ना जरासा."

बाप सरकला.